गेंड्याच्या पाठीवर माझी स्कूटर

…आणि वर मलाच म्हणतो, "ताई, तू ना, पेपर हँड आहेस!" पेपर हँड! म्हणजे कागदाचे हात! भाव जरा हलला की घाबरून विकून मोकळी होणारी माणसं असतात ना, त्यांना म्हणे असं म्हणतात. आणि जो घाबरत नाही, घराला आग लागली तरी खुर्ची सोडत नाही, तो डायमंड हँड, हिऱ्याच्या हातांचा! आता तुम्हीच सांगा, ज्या मुलाला आईने सांगितलेली कोथिंबिरीची जुडी धड आणता येत नाही, हमखास पिवळी उचलून आणतो, त्याचे हात हिऱ्याचे? आणि तीन वर्षं चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिसला बसून, सहाशे माणसांच्या हजेऱ्या, लेट मार्क आणि ओव्हरटाइम निस्तरून ज्या हातांनी एक लाख दहा हजार साठवले, ते हात कागदाचे? हा मुलगा म्हणजे कोणी परका नाही हो, माझा सख्खा धाकटा भाऊ, प्रज्वल. ऐकून घ्या, दुसरं काय! शब्द त्यांचे, पैसे माझे!

आता मी घाबरट आहे, हे कबूल. लपवत नाही. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला माहीत असतं, मी तिची वाटच बघत उभी असते, तरी शिट्टी झाली की मी दचकते. आमच्या घरी बेल वाजली की आई दार उघडायच्या आधी मला धरते. पण म्हणूनच तर मला स्कूटर घ्यायची होती! कंपनीची बस मला हायवेला सोडते, तिथून मोशीतल्या आमच्या सोसायटीपर्यंत दीड किलोमीटर मी कंटेनरच्या कडेकडेने चालते, आणि प्रत्येक कंटेनरवाला नेमका माझ्या कानापाशी आल्यावरच हॉर्न देतो. आई म्हणाली, "हॉर्नला दचकणारी मुलगी स्कूटर काय चालवणार?" म्हटलं, अगं आई, हॉर्न आपल्या हातात असला की माणूस कमी दचकतो! पिस्ता रंगाची, बॅटरीवरची, आवाज न करणारी स्कूटर. शोरूममध्ये जाऊन दोनदा तिच्यावर बसून आले होते मी. पैसे जमले होते. आणि तेवढ्यात… तेवढ्यात हा आला.

"ताई, तुझे पैसे बँकेत नुसते झोपलेत."

झोपू देत की! माझे पैसे आहेत, माझ्यासारखेच असणार, झोपलेले असले तरच शांत असतात! पण नाही. "चार महिने दे फक्त. दसऱ्याला स्कूटर, वर हेल्मेट माझ्याकडून." त्याच्या कंपनीत दोन नंबरच्या लाइनवरची सगळी पोरं म्हणे राइनोकॉइन घेऊन बसलीत. चहाच्या दहा मिनिटांत चहा कोणी पीत नाही, सगळे माना खाली घालून मोबाइल बघतात. मी म्हटलं, दाखव. दाखवलं. काय असावं? एक गेंडा. डोळ्यांवर गॉगल. चंद्रावर उभा. खाली लिहिलेलं, टू द मून! म्हणजे भाव चंद्रापर्यंत जाणार. अहो, मला चंद्रावर जायचंच नाही, मला मोशीहून चाकणला जायचंय! पण तुम्हाला सांगते, मी दिले. कसे दिले, कोणत्या क्षणी दिले, अजून मला कळत नाही. तो म्हणाला, "तुला ना, फोमो होईल बघ." फोमो म्हणजे सगळे पुढे निघाले, आपणच मागे राहिलो, अशी छातीत जी धडधड होते ती. आता ती धडधड मला बालवाडीपासून आहे! डबा उघडायला उशीर झाला तरी व्हायची! पण त्याने नाव घेतलं आणि ती लगेच सुरू झाली, आणि मी ओटीपी सांगून मोकळी झाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात मराठी बंद पडलं. मी साधं विचारलं, "हे कॉइन बनवलंय कोणी?" तर म्हणे, "ताई, फड पसरवू नको." फड म्हणजे भीती आणि शंका. अहो, घरातल्या घरात विचारलेला प्रश्न आहे, पसरून पसरून पसरणार कुठे? हॉलमधून किचनमध्ये! मी विचारलं, "आज भाव का पडला?" "पडला नाही, डिप आहे. डिपला अजून घ्यायचं असतं." वर गेला तर घ्यायचं कारण वर चाललाय, खाली आला तर घ्यायचं कारण स्वस्त झालाय, मग विकायचं कधी? "विकायचं नाहीच, होडल करायचं." हे होडल काय, तर कोण्या एका माणसाने कधीतरी होल्ड लिहिताना चुकून होडल लिहिलं, आणि चूक दुरुस्त करायची सोडून सगळ्या जगाने तीच धरली! आमचे बाबा तिथेच बसले होते, त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "आणि करेक्शन? करेक्शन कोणी काढलंच नाही? सहीबिही?" बाबांना खरोखर वाईट वाटलं. बाबांचं पुढे येणारच आहे, थांबा.

आणि तो ग्रुप! टेलिग्रामवर एक ग्रुप होता त्यांचा, एकवीस हजार माणसं, आणि वर एक मून मास्टर नावाचा इसम, त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. तो सकाळी उठून लिहायचा, "आज भरा. कर्ज काढून भरा. बायकोचं मंगळसूत्र काय नुसतं बघायला आहे का?" आणि खाली बारीक अक्षरात, "हा आर्थिक सल्ला नाही." मग काय आहे? पाककृती आहे? म्हणे असं लिहायचंच असतं, म्हणजे नंतर कोणी त्याला धरू शकत नाही. वा! मी पण उद्यापासून टाइम ऑफिसमध्ये प्रत्येक पगार-चिठ्ठीखाली लिहिते, "हा पगार नाही"! चालेल? एका दिवसात मला कामावरून काढतील. त्याला मात्र एकवीस हजार माणसं हात जोडलेली चित्रं पाठवतात! शब्द त्यांचे, पैसे माझे!

आईसुद्धा बिघडली, तुम्हाला सांगते. मार्केटमधून एकदम दोन क्रेट टोमॅटो घेऊन आली. मी म्हटलं, आई, एवढे? तर कशी, पदर खोचून, "डिप आलाय गं. सहा रुपये किलो. होडल करू." तिसऱ्या दिवशी घरात चिलटं झाली, चौथ्या दिवशी शेजारी वाटले, पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार उघडणं बंद केलं. टोमॅटो होडल होत नाहीत हे आमच्या मातोश्रींना पाच दिवसांत कळलं. ह्या गाढवाला पाच महिन्यांत नाही कळलं.

पण एक सांगते, भाव चढला. खोटं नाही बोलणार. माझ्या एक लाख दहा हजारांचे एक दिवस तीन लाख शहाऐंशी हजार दिसायला लागले. दिसायला, बरं का! मी मोबाइल बघितला आणि माझ्या हातातून कपच पडला, आणि कप फुटल्याच्या आवाजाला मी परत दचकले. म्हटलं, "विक! आत्ता विक! मला ते तीन लाख नकोत रे, माझे एक लाख दहा हजार तेवढे काढून दे, बाकीचे तू चंद्रावर ने, मंगळावर ने, कुठेही ने!" तर हा सोफ्यावर आडवा होऊन, पाय हलवत, "पेपर हँड!" आणि त्याचा एक मित्र व्हिडिओ कॉलवर होता, तो तिकडून ओरडतो, "ताई, डायमंड हँड व्हा, डायमंड हँड!" बाळा, तुझ्या कपाळावर अजून पुटकुळ्या आहेत, तू मला हिऱ्याच्या गोष्टी सांगतोस?

असो. आता बाबा.

आमचे बाबा ज्योतीराम. साताऱ्याकडून, पाटण तालुक्यातून आले ते थेट चाकणला लागले, आणि सव्वीस वर्षं एकाच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलला आहेत. म्हणजे कंपनीतला प्रत्येक महत्त्वाचा कागद बाबांच्या हातून जातो. त्याला नंबर, त्याच्यावर तारीख, तयार कोणी केला, तपासला कोणी, मंजूर कोणी केला, तिन्ही सह्या. मग त्याच्या कॉपी निघतात, प्रत्येकीवर लाल शिक्का, कंट्रोल्ड कॉपी, आणि कोणती कॉपी कोणाकडे गेली त्याची सहीनिशी नोंद. बाबा घरीसुद्धा तसेच. आमच्या फ्रिजवर दूधवाल्याचा नंबर चिकटवलाय ना, त्याच्याखाली लिहिलंय, सुधारणा क्रमांक तीन. कारण दूधवाला तीनदा बदलला! बाहेरून ऑडिटर येतात ते म्हणे बाबांना घाबरतात. बाबांचं आयुष्यभराचं एकच तत्त्व, "महत्त्वाचा कागद एकाच माणसाकडे ठेवला की तो कागद गेला असं समजायचं."

आणि अशा माणसाच्या हातात, हा मूर्ख, ते बारा शब्द देतो!

बारा शब्द म्हणजे असं, ही नाणी ठेवायला एक पाकीट असतं, मोबाइलमधलं. आणि त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. पंपकिन, अंकल, ट्रॅजिक, ऑयस्टर… असलेच काहीतरी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ते बारा शब्द ओळीने ज्याला ठाऊक, पाकीट त्याचं. तिथे बँक नाही, मॅनेजर नाही, "साहेब, माझं खातं" म्हणून रडायला काउंटर नाही! आणि मून मास्टरने सांगून ठेवलेलं, मोबाइलमध्ये ठेवू नका, फोटो काढू नका, कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यात जबाबदार माणसाकडे द्या. आमच्या घरातला सगळ्यात जबाबदार माणूस कोण? प्रज्वल म्हणाला, "बाबा, हा कागद घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. हा हरवला तर सगळं संपलं." एवढंच म्हणाला! कोणाला दाखवू नका, हे म्हणायचं राहिलं! कारण त्याला वाटलं, हे काय सांगायचं?

बाबांनी काय केलं असेल? सांगा बरं! बाबांनी तो कागद टाइप केला. तक्ता केला हो. अनुक्रमांक, शब्द, शेरा! वर ठळक अक्षरात शीर्षक, प्रज्वल व स्वरूपा (म्हणजे मी!) यांचे क्रिप्टो पाकीट, उघडण्याचे शब्द, क्रम बदलू नये. तयार करणार प्रज्वल, मंजूर करणार ज्योतीराम. मूळ प्रत घरच्या फाइलला, आणि चार कॉपी. लाल शिक्का. लॅमिनेशन! आणि बरोबर त्याच आठवड्यात रावेतला आमच्या कोंडीराम काकांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, सगळे नातेवाईक एका जागी आयतेच सापडले. जेवणं झाली आणि पानसुपारीबरोबर बाबांनी कॉपी दिल्या! एक काकांना, एक चऱ्होलीच्या अंबुबाई आत्याला, तिसरी आमच्याच सोसायटीचे चेअरमन यशवंतराव जेवायला आले होते त्यांना, आणि चौथी कंपनीतल्या स्वतःच्या कपाटात. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी तिथेच होते हो! दहा फुटांवर जिलेबी वाढत होते! मला वाटलं, बाबा गावच्या यात्रेची पत्रकं वाटतायत. मला कोणी एका शब्दाने सांगितलं का? बारा शब्द सगळ्यांना सांगितले, मला एकसुद्धा नाही! शब्द त्यांचे, पैसे माझे!

कळलं कधी? तीन आठवड्यांनी. रविवारी सकाळी काकूचे डबे परत द्यायला मी रावेतला गेले. काकांचा मुलगा हिंजवडीला कामाला जातो, त्याची मुलगी पिंकी, पहिलीतली, गोड पोर. हॉलमध्ये काकांच्या सोसायटीतली चार माणसं पोहे खात बसलेली. काका म्हणाले, "पिंके, ह्या आत्याला ते म्हणून दाखव." पिंकी उभी राहिली, हात मागे बांधले, मान हलवली आणि सुरू, "पंपकिन, अंकल, ट्रॅजिक, ऑयस्टर…" एकामागून एक, बारा! क्रमाने! चालीवर! माणसांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणतात, "इंग्लिश बघ कसं पक्कं झालंय! ज्योतीने कागदच तसा दिला. रोज म्हणून घेतो तिच्याकडून. परवा सोसायटीच्या कार्यक्रमात माइकवर म्हटलं तिने."

माइकवर!

माझ्या हातातल्या डब्यांचं काय झालं ते विचारू नका. मी दचकले नाही. दचकण्याच्याही पलीकडे काहीतरी असतं हे मला त्या दिवशी कळलं. गॅलरीत जाऊन प्रज्वलला फोन लावला. म्हटलं, "प्रज्वल, ते बारा शब्द पंपकिनपासून सुरू होतात का रे?" आणि मग, तुम्हाला सांगते, पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या मुलाच्या तोंडून शुद्ध मराठी बाहेर पडलं. "ताई, मेलो गं!"

बाबांना फोन करून कोणाकोणाला कॉपी दिल्या ते विचारलं, प्रज्वल धावत रावेतला आला, आणि मग सुरू झाली आमची वरात. काकांकडची कॉपी काढून घेतली, पण पिंकीच्या डोक्यातली कशी काढणार? तिला म्हटलं, "पिंकी, हे विसरून जा हं." तर ती म्हणते, "उलट्या क्रमाने पण येतं मला." तिथून रिक्षाने चऱ्होली. अंबुबाई आत्याने कॉपी कपाटाच्या तिजोरीत, सोनाराच्या पावत्यांच्या खाली, रुमालात गुंडाळून ठेवलेली. जीव भांड्यात पडला. म्हटलं, आत्या, दे. आत्या म्हणते, "न्हाई देणार." का? "ज्योतीनं माझी सही घेतलीया. त्यो आल्याबिगर कुनाच्या हातात देणार न्हाई. तू व्हय का ज्योती?" म्हणजे सगळ्या खानदानात एकच बाई शहाणी निघाली, आणि ती आम्हालाच नडली! शेवटी बाबांना फोन लावून दिला, बाबांनी तिचं कौतुक केलं, "बघा, ह्याला म्हणतात शिस्त," आणि दहा मिनिटं ते दोघं शिस्तीवरच बोलले. इथे माझी स्कूटर कोणीतरी खिशात घालून चाललंय, आणि ह्यांचं आपलं भाऊ-बहिणीचं कौतुक!

राहिले यशवंतराव. मोशीचे मूळचे शेतकरी, आमची सोसायटी त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, म्हणून कायमचे चेअरमन. आम्ही धापा टाकत सोसायटीत शिरलो, मी म्हटलं, "यशवंतराव, बाबांनी एक कागद दिला होता, लॅमिनेशन केलेला…"

"व्हय, लावलाय की."

लावलाय? कुठे?

"अगं, लाल शिक्का, वर लॅमिनेशन, म्हंजी बोर्डावरच लावायचा आसणार. बाकी कुटं लावत्यात?"

मी वळून बघितलं. लिफ्टच्या शेजारी, नोटीस बोर्डावर, पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी ह्यांच्या मधोमध, प्रज्वल व स्वरूपा यांचे क्रिप्टो पाकीट! एकोणीस दिवस! चौऱ्याऐंशी फ्लॅट, त्यांचे पाहुणे, पार्सल आणणारी पोरं, लिफ्ट दुरुस्त करणारे, सगळ्यांनी वाचलेलं! आणि लिफ्ट आमची कशी, की खाली यायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे तोपर्यंत माणूस पाठसुद्धा करेल! यशवंतराव वर म्हणतात, "लई जण फोटु काडून न्हेत हुते. म्हटलं, काडा बाबांनो, उपेगाचं आसंल." आणि मी तिथे उभी, आणि मागे पाण्याचा पंप एकदम सुरू झाला, आणि मी किंचाळले. शब्द त्यांचे, पैसे माझे, आणि आता पाकीट सगळ्या गावाचं!

वर घरी आलो. बाबा कंपनीतली कॉपी घेऊन आलेच होते, रविवार असून जाऊन आले. चारही कॉपी टेबलावर मांडून, वहीत टिक करून म्हणाले, "चार गेल्या, चार आल्या. सिस्टीममध्ये दोष नाही." आई म्हणाली, "आधी बघा तरी काही उरलंय का!" प्रज्वलने पाकीट उघडलं. पाच महिन्यांत त्याने ते उघडलंच नव्हतं हो, ग्रुपवर भाव बघून आकडा तेवढा मोबाइलवर काढायचा. होडल करणाऱ्याने पाकीट उघडणं म्हणे अपशकुन असतो.

उघडलं. आणि नाणी होती! सगळीच्या सगळी! तीन लाख शहाऐंशी हजार, तसेच! मी देवाला हात जोडले, चौऱ्याऐंशी फ्लॅटमधल्या प्रत्येक माणसाला मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, काय माणसं आहेत! प्रज्वल म्हणाला, "थांब, आता हे दुसऱ्या पाकिटात हलवू. हलवायला गॅस लागेल." गॅस म्हणजे सिलिंडर नाही, नाणी इकडून तिकडे हलवायची की जी फी भरावी लागते ती. ती आधी पाकिटात टाकून ठेवायची असते. आणि तो एकदम थांबला. "ताई… ह्यात गॅस आहे. सोळाशे दहा रुपयांचा. मी तर एक रुपया टाकला नव्हता."

मग कोणी टाकला? बाबा म्हणाले, "आवक नोंद बघ." नोंद होती. सात वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या दिवशी, दोनशेच्या आसपास. कोण टाकतंय? का टाकतंय? आई म्हणाली, "आहेर असेल." प्रज्वलने बटण दाबलं. लाल अक्षरं आली, व्यवहार नाकारला. परत दाबलं. नाकारला. ग्रुपवर विचारायला गेला, तर ग्रुपच नाही! एकवीस हजार माणसं, तो मून मास्टर, तो गॉगलवाला गेंडा, सगळं गायब! मग कुठून कुठून शोधून त्याला कळलं, आणि माझ्या भावाने मला शेवटचा शब्द शिकवला. रग पुल. म्हणजे आपण सतरंजीवर ऐटीत बसलेलो असतो आणि ज्याने सतरंजी अंथरली तोच ती खालून ओढून नेतो. त्या राइनोची रचनाच अशी केलेली की घेता सगळ्यांना येतो, विकता फक्त बनवणाऱ्याला येतो. हलवतासुद्धा येत नाही! किंमत आपली दिसत राहते, भिंतीवर लावलेल्या जेवणाच्या चित्रासारखी!

मी बसले. जमिनीवरच बसले. पिस्ता रंगाची होती हो… दोनदा बसून आले होते मी तिच्यावर.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते सात जण! ते आहेर करणारे नव्हते! त्यांनी बोर्डावरून शब्द घेतले, पाकीट उघडलं, आत पावणेचार लाख बघितले, तोंडाला पाणी सुटलं. हलवायला गॅस हवा, म्हणून पदरचे दोनशे-अडीचशे टाकले, बटण दाबलं, लाल अक्षरं आली, आणि घाबरून ते पैसे तिथेच टाकून पळाले! म्हणजे चोर आले, सात आले, आणि आमच्या घरात पैसे ठेवून गेले! पाच महिन्यांत त्या पाकिटात झालेला हा एकुलता एक नफा, आणि गॅस काही राइनोसारखा अडकत नाही, प्रज्वलने तो लगेच काढून घेतला! आई हळहळली, "बिचारे! दोनशे-तीस दोनशे-तीस रुपयांना बसलं की प्रत्येकाला!" बिचारे ते? आणि मी कोण? आता लिफ्टमध्ये मी ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघते. बी विंगच्या सुमनताई माझी नजर चुकवतात. आणि यशवंतराव परवा, अगदी सहज, मिशीवरून हात फिरवत, "त्ये पत्रक परत लावणार न्हाईत का? न्हाई, एक-दोन जण इचारत हुते." इचारत हुते म्हणे!

आणि आमचा हिऱ्याच्या हातांचा राजा काय म्हणाला? चहा पीत, शांतपणे, "बाबा, अजून चार-पाच कॉपी काढूया का?" मी तिथेच कडाडले! म्हटलं, लाज नाही वाटत? आपण कुठल्या घरातले, बाबांनी सव्वीस वर्षं एक खोटा शिक्का मारला नाही, आई भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दोन रुपये परत नेऊन देते, आणि आपण लोकांच्या चोऱ्यांवर जगायचं? तासभर बोलले मी. पाणी पिऊन परत बोलले. सगळे माना खाली घालून ऐकत होते. आणि मग, बोलता बोलता, काय झालं कोण जाणे, माझा हात कॅल्क्युलेटरवर गेला. एक लाख दहा हजार भागिले दोनशे तीस. चारशे एकोणऐंशी चोर. त्यातले सात येऊन गेले. राहिले चारशे बाहत्तर.

आणि आमच्या कंपनीत माझ्या हजेरीपटावर माणसं किती? सहाशे!

बाबांनी रीतसर कॉपी नंबर पाच काढून दिली. माझी सही घेतली. लॅमिनेशनचे चाळीस रुपये माझेच गेले. मी ती कॅन्टीनच्या बाहेर, जेवणाचा मेनू आणि सुट्ट्यांची यादी ह्यांच्या मधे, डोळ्यांच्या बरोबर समोर लावली. आज आठवा दिवस. तिन्ही शिफ्टची माणसं रोज तिथून जातात, थांबतात, वाचतात. आणि तुम्हाला सांगते, आठ दिवसांत पैसे टाकले किती जणांनी? दोघांनी! उरलेले कागद सोडवून माझ्या टेबलावर आणून देतात हो! "मॅडम, हे तुमचं महत्त्वाचं काहीतरी बाहेर राहिलं होतं, सांभाळून ठेवा." रोज परत लावते, रोज कोणीतरी परत आणून देतं! सहाशे माणसं भरलीत आमच्या कंपनीने, आणि निवडून निवडून सगळी प्रामाणिक! आता ह्याला काय म्हणायचं, सांगा!